उन्हाळ्यातली वाराणसी: बावीस वर्षं पुढे ढकललेला प्रवास

वरचं निवळ पाणी ओतून दिलं, चीक शिजवला आणि पातेलं फडक्यात धरून मी सकाळी सहाच्या आत गच्चीवर गेले. जुन्या साडीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि सोऱ्यातून कुरडया घालायला बसले. चीक गरम आहे तोवरच कुरडई नीट पडते. त्या कामात मधे कुणी बोललेलं मला चालायचं नाही. पन्नाससाठ झाल्या असतील तेव्हा आमचे हे वर आले. हातात कागद होता.

"रजा मिळाली. पंधरा दिवस," हे म्हणाले. "आईला बरं नाही, ताईची चिठ्ठी आलीय. परवाची गाडी मिळेल."

मी सोऱ्या फिरवत राहिले. म्हटलं, "मे महिन्यात काशीला? आजचा पेपर बघितलात का? पंचेचाळीस आहे तिथे. दिवाळीत जाऊ, तेव्हा हवा चांगली असते."

"मग मी एकटा जाऊन येतो."

"आणि तिकडे तुम्हाला लू लागली तर मी इथे काय करायचं? तुमचं ब्लडप्रेशर काय आहे ते ठाऊक आहे ना?"

हे वाकले. पायाजवळची एक वीट सरकली होती, ती नीट केली आणि खाली गेले. नंतर दोन दिवस मी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यांनी रजा रद्द केली. जूनमध्ये, पाऊस तिकडे पोचण्याआधी, सासूबाई गेल्या. त्या वर्षीच्या कुरडया मात्र सुरेख वाळल्या. ऊन कडक होतं.

बावीस वर्षांपूर्वीचं हे सगळं आधी सांगितलं, कारण यंदा मेअखेरीला मी कराडहून वाराणसीला निघाले तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी एकच प्रश्न केला. आत्ता? या उन्हात? लेकीने हा ब्लॉग काढून दिल्यापासून मी थंड हवेच्या गावांबद्दलच लिहीत आले, म्हणून वाचणाऱ्यांनाही तोच प्रश्न पडेल.

आमचे हे मूळचे वाराणसीचे. दूधविनायकाच्या गल्लीत चार पिढ्या राहिलेलं मराठी घर. नोकरीसाठी बँकेत इकडे आले आणि इकडचेच झाले. तिकडे सासूबाई आणि यांची मोठी बहीण राहायच्या. ताईंनी लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शिकवलं आणि आईला सांभाळलं. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्नानंतर मी एकदाच तिकडे गेले होते, तेही श्रावणात. नदीला पूर, घाट पाण्याखाली, नावा बंद. आठ दिवस खोलीत बसून काढले आणि त्यातले चार तापात. कपडे वाळायचे नाहीत. सासूबाई शेगडीवर पाटी पालथी घालून तिच्यावर माझे ब्लाउज वाळवायच्या, पिठाची पोळी उलटावी तसे उलटून. हे माझ्या लक्षात राहिलं, पण गाव नकोसं झालं ते झालंच.

मी शाळा सातवीपर्यंत शिकले. पुढचं जे काही आलं ते नगरवाचनालयातून. वाराणसीच्या हवेबद्दल मी जेवढं वाचलं तेवढं या गावात दुसऱ्या कुणी वाचलं नसेल. पेपरात तापमानाचं कोष्टक यायचं, त्यात मी आधी तेच नाव शोधायची. यांनी जाण्याचा विषय काढला की माझ्याकडे उत्तर तयार. उन्हाळ्यात लू. पावसाळ्यात पूर. पूर ओसरला की घाटांवर पुरुषभर गाळ, तो उपसायला दिवाळी उजाडते. डिसेंबर-जानेवारीत धुकं, गाड्या रखडतात. फेब्रुवारीत हवा छान, पण तेव्हा मुलीची परीक्षा. खोटं यातलं एकही नव्हतं.

हे जाऊन तीन वर्षं झाली. अजूनही पेपर हातात आला की बोट त्याच ओळीवर जातं.

आता प्रवास. कराडहून एसटीने पुणे, तिथून संध्याकाळची थेट गाडी. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर वाराणसी. या दिवसांत स्लीपरचं तिकीट काढू नका, एसीचंच काढा आणि दोन महिने आधी काढा. मुंबई-पुण्याहून गावी जाणाऱ्यांची गर्दी असते. मी एसीत होते, तरी दुपारी सतन्याला पाण्याची बाटली घ्यायला उतरले तेव्हा वाटलं, कुणीतरी तापल्या तव्यावरचं झाकण माझ्या तोंडासमोर उघडलं. समोरच्या बाकावरचे गृहस्थ बनारसचे. माझा चेहरा बघून हसले.

"माताजी, इस मौसम में बनारस कौन जाता है? इस मौसम में तो हम बनारसवाले बनारस से भागते हैं."

"आप तो जा रहे हैं," मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं.

"हमारी तो ससुराल भी वहीं है. भागकर कहाँ जाएँ?"

शेजारी त्यांची बायको डोळे मिटून बसली होती. तिने डोळे न उघडता म्हटलं, "टिकट मैंने निकाला है. नहीं तो आज भी नहीं आते." मला हसू आलं. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. करड्या जमिनीवर झाडं आपापल्या सावलीत एकटीच उभी होती. एकही माणूस बाहेर नव्हता.

स्टेशनवरून मैदागिनच्या चौकापर्यंत ई-रिक्षा मिळते. पुढे गल्ल्यांमधून चालायचं, सामान कमीच बरं. दिवस मावळून दोन तास झाले होते, पण दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती अजून गरम होत्या. हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारख्या. वन्सं तिसऱ्या मजल्यावर राहतात, दोन खोल्या आणि वर गच्ची. दारातच उभ्या होत्या. ऐंशीच्या जवळ आल्यात, वाळून गेल्यात, पण आवाज अजून वर्गात शिकवल्यासारखा.

"आलीस. कितनी पतली झालीस गं, सुमन. आधी पाणी पिऊ नकोस, गूळ खा. बाहेरच्या गरमीतून येऊन एकदम ठंडं नाही प्यायचं."

मी नमस्कार केला. या भेटीत मला एक गोष्ट सांगायची होती. मी घरून तीच घेऊन निघाले होते. त्या मे महिन्यात यांना मी अडवलं, हे वन्संना माझ्या तोंडून सांगायचं होतं. त्यांना ते ठाऊकच असणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. सासूबाई गेल्यावर वन्सं आमच्याशी तुटक वागायला लागल्या, ते माझ्यामुळेच अशी माझी समजूत होती. हे जानेवारीत गेले, तेव्हाही त्या आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "कोहरा आहे, गाडीचं काही खरं नाही." मला तो धुक्याचा बहाणा वाटला. हवामानाचा बहाणा मी ओळखणारच.

पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांनी उठवलं. वाराणसीत मे-जूनमध्ये दिवस म्हणजे पहाटे साडेचार ते सकाळी आठ, आणि मग संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात बाहेर पडू नका, मी गंभीरपणे सांगतेय. आम्ही बालाजी घाट उतरलो. नदी खूप खाली गेली होती. श्रावणात मी ज्या पायरीशी पाणी बघितलं होतं, ती आता डोक्याच्या कितीतरी वर होती. खालच्या पायऱ्या वर्षातून हेच दोन महिने उघड्या पडतात. गुळगुळीत, कडेला शेवाळाचा वाळलेला पापुद्रा.

"आई इथे बसायची," वन्सं म्हणाल्या. "ज्येष्ठात. म्हणायची, सगळ्यात खालची पायरी फक्त गरमीतच भेटते. सीझनमध्ये येणाऱ्यांना दिसत पण नाही."

एक नाववाला त्यांच्या ओळखीचा निघाला. "चाची, मेहमान आई हैं?"

"मेहमान नहीं, घर की बहू है."

"अच्छा. बहू को बहुत जल्दी घर याद आ गया."

"तू नाव चला," वन्सं म्हणाल्या. "जबान बाद में चलाना."

त्याने आम्हाला भोसले घाटापर्यंत नेऊन आणलं. तीनशे रुपये घेतले, सीझनमध्ये याच्या दुप्पट सांगतात म्हणे. नागपूरकर भोसल्यांनी बांधलेल्या तिथल्या उंच दगडी इमारतीवर पहिलं ऊन पडलं तेव्हा साडेपाचच होत होते, आणि ते ऊन अंगाला लागत होतं. साडेसातला आम्ही घरात, खिडक्या बंद, पडद्यांवर पाणी. बेलाचं सरबत, सत्तू, कैरीचं पन्हं आणि दुपारी वरणभात. वन्संच्या वरणात गूळ आणि आमसूल आजही असतं. आमसुलं यांनीच पाठवलेली, असं त्या म्हणाल्या. "दरसाल पार्सल यायचं. चिठ्ठी नाही, फक्त आमसूल." मला माहीत नव्हतं.

दुपारी अकरानंतर पछुआ सुटतो, म्हणजे पश्चिमेचा वारा. समुद्र इथून इतका लांब की तिकडची ओल इथवर पोचत नाही. हा वारा सगळ्या तापलेल्या जमिनीवरून येतो. हीच लू. गल्लीत तो शिट्टी घातल्यासारखा वाजायचा. मला निजायला दिलेल्या खोलीत एक जुना पत्र्याचा कूलर होता, कोपऱ्यात गंज चढलेला, पण चालू. पछुआ कोरडा, म्हणून त्यात कूलर छान चालतो. वाळ्याच्या गवताचा वास यायचा आणि झोप लागायची.

"चांगला आहे," मी म्हटलं. "जुना दिसतो."

"तुझाच आहे," वन्सं म्हणाल्या. त्या लसूण सोलत होत्या, वर बघितलं नाही. "आईने घ्यायला लावला होता मला. त्या वर्षी. म्हणाली, बाबू आणि सुमन येणार, सुमनला इथली हवा सोसत नाही, मागच्या वेळी बीमार पडली होती. सेकंडहँड मिळाला. दोन माणसांनी जिन्यावरून चढवला. आईने स्वतःच्या खोलीत लावून घेतला नाही. म्हणाली, नवा-नवा राहू दे."

या घरात यांना बाबू म्हणत. कराडात त्यांना त्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. उठून पाणी प्यायले.

तिसऱ्या दिवशी वारा बदलला. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारत होतो. दिवसभर तापलेल्या फरशीवर पाच-सहा बादल्या ओतल्या की वाफ निघते आणि मग रात्री तिथे पाठ टेकता येते. गच्चीला माकडांसाठी लोखंडी जाळी लावलीय, तिच्यातून वारा आला तो ओलसर. वन्संनी बादली खाली ठेवली आणि गुडघा दाबला.

"पुरवा सुटला. आता कूलर बेकार. पुरव्यात जुनं सगळं दुखतं."

पुरवा म्हणजे पूर्वेचा वारा. बंगालच्या बाजूने ओल घेऊन येतो आणि पुढे तोच पाऊस आणतो. जुनी मोडलेली हाडं, जुन्या जखमा त्याच्यात ठणकतात असं इथे सगळे मानतात. वन्सं फरशीवर बसल्या, पाय लांब करून. मी शेवटची बादली ओतत होते.

"बाबू गेला तेव्हा मी का आले नाही, ते तुला सांगायचंय," त्या म्हणाल्या. "कोहरा होता. पण गाडी रद्द नव्हती. सहा घंटे लेट होती, मग गेली. मी स्टेशनवर बसले होते, थैली घेऊन. गाडी लागली आणि मी उठले नाही."

मी बादलीतलं उरलेलं पाणी ओतून टाकलं.

"मला त्याचा राग होता, सुमन. आई बीमार असताना त्याने लिहिलं, बँकेत ऑडिट आहे, रजा मिळत नाही. आईने ती चिठ्ठी माझ्याकडून तीन बार वाचून घेतली. मग म्हणाली, नोकरी आहे, तो तरी काय करणार. मी नाही मानलं. आईसाठी रजा मिळत नाही असं कुठे असतं? मला वाटलं, याला यायचंच नाही. तेरावीला आला, तर मी पाणी विचारलं, बस. नंतर फोन यायचा, मी दोन मिनिटात ठेवून द्यायची. तो काही बोलला नाही. एक बार पण नाही म्हणाला की ताई, असं नव्हतं."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटरला हॉर्न देत होतं. ओल्या फरशीचा वास वर येत होता. माझ्या हातात रिकामी बादली होती आणि ती मी खाली ठेवत नव्हते.

ऑडिट नव्हतं. रजा मिळाली होती, कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. यांनी आपल्या आईला आणि बहिणीला खोटं लिहिलं आणि माझं नाव त्यात येऊ दिलं नाही. मग एकोणीस वर्षं बहिणीचा राग सोसला. मला एकदाही कळू दिलं नाही की तिकडे कुणी रागावलंय ते यांच्यावर, माझ्यावर नाही. मी मात्र इकडे वन्संना नावं ठेवायची, किती ताठ बाई आहे म्हणून. हे ऐकून घ्यायचे.

आता खरं सांगितलं तर वन्संना काय कळणार? की ज्याच्यावरच्या रागापायी त्या गाडीत चढल्या नाहीत, त्याचा काही दोष नव्हता. ऐंशीला टेकलेल्या बाईच्या पदरात हे घालायचं का? मी असं स्वतःला विचारलं, आणि तो विचार मला फार सोयीचा वाटला. एवढा सोयीचा की त्याच्याबद्दल मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"तुम्ही नका मनाला लावून घेऊ," एवढंच म्हटलं.

"तू चांगली आहेस," वन्सं म्हणाल्या. "तो नाही आला, पण तू आलीस. इतक्या गरमीत."

पुढचे दोन दिवस पुरवाच होता. कूलर नुसता ओला वारा फेकायचा, अंग चिकट व्हायचं. वन्सं मला ऋतू समजावून सांगत बसायच्या, जणू मी पुन्हा येणारच आहे. कार्तिकात ये, शेजारच्या पंचगंगा घाटावर बांबूंवर टोपल्यांतून दिवे चढवतात. माघात ये, धुक्यात नदी दिसत पण नाही, फक्त वल्ह्यांचा आवाज. थंडीत दुधाचा फेस विकायला येतो, दूध रात्रभर दवात ठेवून घुसळलेला, ऊन चढलं की बसून जातो, म्हणून आठच्या आत खायचा. बाबूला फार आवडायचा, असं म्हणून त्या थांबल्या. एरवी त्या यांचं नाव घेत नसत. त्या पाच दिवसांत मी मोजलं, चार वेळा घेतलं.

निघताना त्यांनी कुरडया बांधून दिल्या. तिकडच्या ज्येष्ठात दोन दिवसांत वाळतात, आपल्याकडच्यापेक्षा पांढऱ्या. मी पिशवी घेतली. गल्लीच्या वळणावर मागे बघितलं, तेव्हा त्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत होत्या, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन.

कराडला पोचले तर ढग आले होते, हवा गार. दार उघडलं, खिडक्या उघडल्या, कुरडयांची पिशवी फळीवर ठेवली. आठवड्याचे पेपर दारात साठले होते. बसल्या बसल्या सगळ्यांतली ती ओळ वाचली. मी तिथे होते त्या दिवसांची. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, मग पुरवा सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. चव्वेचाळीसच्या दिवशी मी दुपारी तीन तास गाढ झोपले होते, माझ्यासाठी आणलेल्या कूलरसमोर. सोसलं असतं.

वाराणसीला कधी जावं, असं वाचणाऱ्या विचारतील, म्हणून लिहिते. नुसतं गाव बघायचं असेल तर नोव्हेंबर चांगला आणि फेब्रुवारी त्याहून चांगला. उन्हाळ्यात गेलात तर पातळ सुती कपडे, डोक्याला मोठा रुमाल, पहाटे उठायची तयारी, आणि पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. घाटाची शेवटची पायरी त्याच दिवसांत दिसते. तिथे तुमचं कुणी आजारी असेल तर पेपर बघू नका.

त्या रात्री जेवायला कुरडया तळल्या. चांगल्या फुलल्या. एक तोंडात घातली आणि वन्संचं ते वाक्य आठवलं. तो नाही आला, पण तू आलीस. हे असते तर ते वाक्यही ऐकून घेतलं असतं आणि गप्प बसले असते. मला तेवढं जमणार नव्हतं, आणि जमूही नये असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, त्या घाटावरून घरी आल्या असतील अशा बेताने, मी वन्संना फोन लावला. त्यांना फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. रजा मिळाली होती, मीच जाऊ दिलं नाही, हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा इतकं मोठ्याने की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली.